बांधावरचं मानगें

पहिला दिवस : भिलवडी ते माशेल

आई धुणं घेऊन घाटावर गेली की मला वरच्या पायरीवर बसवायची आणि पाण्यावर नजर ठेवायला सांगायची. वाहता ओंडका दिसला तर गप्प बसायचं. थांबलेला ओंडका दिसला तर ओरडायचं. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या पट्ट्यात कृष्णाकाठी वाढलेल्या प्रत्येक पोराला हा नियम पाठ आहे, कारण आमच्या डोहांत मगरी आहेत. आमच्या घरात पोहायला शिकण्याच्या आधी पाण्याला भ्यायला शिकवलं गेलं.

बहुतेक त्यामुळेच असेल, सहावीत वाचनालयात स्कॉटलंडच्या नेस सरोवरातल्या राक्षसाची गोष्ट हाती लागली तेव्हा मी ती सोडलीच नाही. लांब मानेचा, काळ्या पाण्यातून क्षणभर वर येणारा तो प्राणी मला आमच्या डोहातल्या मगरीचा दूरचा नातेवाईक वाटायचा. पुढे मोठी झाल्यावर त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले, वहीत टिपत गेले. आज पहाटेच्या गाडीने कोल्हापूर, तिथून पणजीची एसटी, आणि मांडीवर तीच जुनी वही.

वहीतली सगळ्यात जुनी नोंद सन ५६५ ची. संत कोलंबाने नेस नदीत एका पाणराक्षसाला दरडावून मागे फिरवलं, असं त्याच्या चरित्रात ॲडम्नानने लिहिलं, तेही शंभरेक वर्षांनी. म्हणजे मूळ गोष्ट सरोवराची नव्हे, नदीची. त्यानंतर कित्येक शतकं फारसं काही नाही. मग १९३३ साली सरोवराच्या कडेने नवा रस्ता झाला, माणसांची ये-जा वाढली, आणि २ मे १९३३ च्या ‘इनव्हरनेस कुरियर’मध्ये एका जोडप्याने पाण्यात प्रचंड काहीतरी घुसळताना पाहिल्याची बातमी आली. पुढल्या वर्षी लंडनच्या एका डॉक्टरच्या नावाने तो जगप्रसिद्ध फोटो छापून आला : पाण्यातून वर आलेली बाकदार मान. साठ वर्षं जगाने तो फोटो पाहिला. १९९४ मध्ये उघड झालं की ती खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली बनावट मान होती. १९८७ मध्ये दोन डझन बोटी ओळीने लावून ध्वनिलहरींनी अख्खं सरोवर चाळलं गेलं. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या नील गेमेल यांनी पाण्याचे नमुने घेऊन त्यातला डीएनए तपासला. अजस्र सरपटणाऱ्या प्राण्याचा माग लागला नाही, पण वाम माशाचा डीएनए मात्र जिथे पाहावं तिथे सापडला.

हे वाचून मला वाईट वाटलं होतं, हे मी मोकळेपणाने सांगते. राक्षस नाही म्हणून तितकं नाही. इतकी वर्षं इतक्या माणसांनी त्या पाण्याकडे टक लावली आणि त्या काठावर राहणाऱ्यांचं त्या प्राण्याशी नातं काय, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही म्हणून. ते त्याला काय देत होते? तो त्यांना काय देत होता? मागच्या दिवाळीत माशेलहून मावशी आली होती. तिच्याजवळ हे बोलले तर ती सहज म्हणाली, “अगो, आमच्याकडे पौष अमावास्येला मगर थापतात. तू ये.”

थापतात. भाकरी थापतात, गोवऱ्या थापतात, तशी मगर. त्या एका शब्दासाठी मी निघाले.

आंबोलीला धुकं, सावंतवाडीला चहा, बांदा ओलांडून गोव्यात. पणजीहून दुसरी बस धरली. जुने गोवे मागे पडल्यावर बाणस्तारीचा पूल लागतो. पुलाखालून जाणारं संथ, मातकट पाणी म्हणजे कुंभारजुव्याची खाडी, मांडवी आणि जुवारीला जोडणारी पंधरा-एक किलोमीटरची वाट. पुलावरून जाताना मी सवयीने थांबलेला ओंडका शोधला. दिसला नाही.

रात्री मावशीने सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, हुमण आणि तिसऱ्यांचं सुकं केलं होतं. तिसऱ्या काढून झाल्यावर तिने शिंपले फेकले नाहीत, धुऊन एका करंडीत ठेवले. “दुर्भाटला माझी नणंद आहे, तिला लागतात,” म्हणाली. “मानग्याक.” कोकणीत मगरीला मानगें म्हणतात, नपुंसकलिंगी. तें मानगें. आमच्याकडची ‘ती मगर’ इथे ‘तें’ झाली की तिच्यातली अर्धी दहशत उतरते असं मला वाटलं. मूल, लेकरू, वासरू, सगळी ‘ते’च असतात.

दुसरा दिवस : कुंभारजुव्याच्या खाडीत

सकाळी शांतादुर्गा कुंभारजुवेकरणीचं दर्शन. देवी माशेलला, नाव कुंभारजुव्याचं. पोर्तुगीज काळात इकडचे देव एका काठावरून दुसऱ्या काठावर कसे हलले ते या एका नावात राहिलं आहे.

खाडीत मात्र दुपारनंतर जायचं ठरलं. उद्या अमावास्या, म्हणजे उधाणाचे दिवस. भरती दुपारच्या सुमाराला, सुकती संध्याकाळी. ओहोटीला इकडे सुकती म्हणतात. पाणी उतरलं की चिखलाचे काठ उघडे पडतात आणि थंडीच्या दिवसांत मगरी अंग शेकायला त्यांवर येतात. मावसभाऊ, म्हणजे दादा, त्याच्या ओळखीच्या एका होडीवाल्याकडे घेऊन गेला. साठीचा माणूस, डोक्याला टॉवेल. त्याने इंजिन लावलं नाही, वल्ही घेतली.

दोन्ही बाजूंना कांदळवन. तिवरांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली, मधेच एखादा खंड्या निळी रेघ ओढून जाई. वर ब्राह्मणी घारी. अर्धा तास काहीच नाही. मग होडीवाल्याने वल्हं वर उचललं आणि हनुवटीने डावीकडे दाखवलं.

मला आधी नुसता चिखल दिसला. मग चिखलाला पाठ फुटली. शेपटीवरचे उभे खवले दुहेरी ओळीने निघून पुढे एकेरी होत गेलेले, करवतीसारखे. अंगावर वाळलेल्या गाळाचा पांढुरका थर, त्याला बारीक भेगा. तोंड उघडं होतं, पण कशावर झडप घालायला नव्हे. अंग तापलं की मगर असा जबडा उघडून उष्णता बाहेर टाकते. आतला पिवळसर-गुलाबी रंग इतका मऊ होता की त्या खरबरीत शरीराला तो कुणी बाहेरून लावल्यासारखा वाटला. दहा-अकरा फूट असेल. आम्ही पाच-सात मिनिटं थांबलो. तेवढ्यात एक खेकडा तिच्या पुढच्या पायाजवळून तुरुतुरु गेला, ती हलली नाही.

माझे हात होडीच्या काठावर घट्ट झाले होते. होडीवाल्याने ते पाहिलं. “भियेनाका,” तो म्हणाला. “आमी तांका कितें करिनात, तीं आमकां कितें करिनात.” आम्ही त्यांना काही करत नाही, ती आम्हाला काही करत नाहीत. तो जन्मभर या पाण्यात जाळं टाकत आला आहे.

ही आमच्या कृष्णेतलीच जात, गोड्या पाण्यातली मगर. खाऱ्या पाण्यातली अजस्र मगर वेगळी, ती ओडिशाच्या भितरकनिकाकडे, सुंदरबनात आणि अंदमानात. पण कुंभारजुव्याची खाडी भरतीची, निमखारी. मगरीच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, त्यांच्या जोरावर ती इथे निभावते. नुवेच्या कार्मेल कॉलेजातले डॉ. मनोज बोरकर यांनी या खाडीतल्या मगरींचा आणि त्यांच्याभोवतीच्या लोकरीतींचाही अभ्यास केला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे. पण होडीवाल्याच्या बोलण्यातली हमी कायद्याच्या आधीची आहे, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं.

मगरी इथे आल्या कशा, याची गोष्ट त्यानेच सांगितली. आदिलशाहाच्या अमलात तिसवाडीच्या, म्हणजे जुन्या गोव्याच्या, बेटाला राखण म्हणून या पाण्यात मगरी सोडल्या. शत्रू पोहून येऊ नये, गुलाम पोहून पळू नये. १५१० मध्ये अल्बुकर्कने बेट घेतलं आणि पोर्तुगीजांनीही त्या राखणीला हात लावला नाही, उलट कैदी खाऊ घालून त्यांना पोसलं, असं जुन्या लोकांकडून त्याने ऐकलेलं. मगर भारतातल्या नद्यांची मूळ रहिवासी आहे, तिला कुणी आणून सोडायची गरज नव्हती, असं मला वाटतं. तरी गोष्टीचा रोख पाहा : पाण्यातला प्राणी हा पहारेकरी. कुणाचा, एवढाच प्रश्न. राजाचा की रयतेचा?

परतताना उत्तरेला जुवें बेट दिसलं, सांत इस्तेव्ह. मराठी माणसाने इथे थांबायलाच हवं. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीराजांच्या सैन्याने रात्री ओहोटी साधून या बेटावरचा किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी विजरई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय, स्वतः चालून आला आणि मार खाऊन परतला. त्याचा पाठलाग करताना राजांनी घोडा खाडीत घातला, भरतीच्या पाण्यात घोडा पोहणीला लागला, तेव्हा खंडो बल्लाळांनी उडी टाकून राजांना वाचवलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मी ती दहा वेळा वाचली असेन, पण ते पाणी मी नेहमी नितळ, नदीसारखं कल्पिलं होतं. ते हे पाणी आहे. हा गुडघाभर गाळ, हे वर-खाली होणारं खारं पाणी आणि त्यात ही जनावरं. त्या उडीचं मोल मला आज कळलं.

संध्याकाळी दादाने खाजन दाखवलं. खाजन म्हणजे खाडीकाठची, समुद्रसपाटीच्याही खालची जमीन, मातीचा बांध घालून भरतीपासून सोडवलेली. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आहे आणि ही विद्या पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीची. बांधात ‘मानस’ असते, लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की झडपा आपोआप मिटतात, सुकतीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाच्या पाण्याने माती धुऊन निघाली की कोरगुट भात लावायचं, खारेपण सोसणारं. भात निघालं की त्याच पाण्यात मासळी.

मानशीजवळ एका दगडाशी विडी, मेणबत्ती आणि रोटाचा तुकडा ठेवलेला होता. राखणदाराचा मान. रात्री तो बांधावरून फिरतो, हातात काठी, पायात वहाणा. बांधाला भोक पडलं तर मालकाला स्वप्नात जाऊन उठवतो. दादा बँकेत नोकरी करतो. हे सांगताना त्याने पायातल्या चपला काढून ठेवल्या होत्या.

तिसरा दिवस : दुर्भाट, पौष अमावास्या

सकाळी सातला निघालो. माशेल, फोंडा, मग उतरत उतरत जुवारीच्या काठाला दुर्भाट. एकेकाळचं बंदर, आता नारळी आणि खाजनांचं शांत गाव. पलीकडे रासय, मधे फेरीबोट. मावशीच्या मांडीवर शिंपल्यांची करंडी.

आत्या, म्हणजे मावशीची नणंद, आम्हाला थेट बांधावर घेऊन गेल्या. पंधरा-वीस माणसं आधीच जमली होती, बायका, पोरं, दोन म्हातारे. मंडप नाही, लाउडस्पीकर नाही. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भात निघून गेलेलं खाजन, आणि मधे आम्ही.

चिखल खाजनातलाच. एक म्हातारा तो मुठीत धरून बघायचा, पाणी जास्त असेल तर बाजूला टाकायचा. काळाभोर, चकाकणारा, त्यात मूठभर गवत मिसळलेलं. आधी बोटाने जमिनीवर लांबी ठरवली गेली. मग चिखलाचे गोळे एकामागोमाग एक पडू लागले आणि चार-पाच जण गुडघ्यांवर बसून थापू लागले. धप, धप, धप. तोच आवाज. पहाटे आई चुलीपाशी बसलेली असताना ज्या आवाजाने मला जाग यायची, तोच.

कुणी नकाशा काढलेला नव्हता, पण प्रत्येकाला आपली जागा माहीत होती. एक बाई शेपूट घेत होती, ती निमुळती करून किंचित वळवली. पोरांनी पाय केले, बोटं वेगळी करून. डोकं त्या म्हाताऱ्याने स्वतः केलं. मानेकडे रुंद, मग जबडा, मग नाकपुड्यांचा उंचवटा. काल मी ते डोकं होडीतून पाहिलं होतं, म्हणून सांगते, नुसत्या आठवणीने त्या हातांनी जे केलं ते खरं होतं. नाकपुडीचा तो लहानसा फुगा सहसा चित्रात चुकतो, इथे चुकला नव्हता.

मग शिंपले. पाठीवर ओळीने खोचले, उभे, म्हणजे खवले झाले. जबड्याच्या कडेने लहान शिंपले, ते दात. आत्यांनी मला हाक मारली, “ये, तूंय लाय.” मी बसले. काल रात्री ज्यातलं मांस मी खाल्लं त्याच तिसरीचा शिंपला माझ्या हातात होता. चिखल थंड होता, वरून घट्ट, आतून मऊ. शिंपला आत जाताना एक बारीक चुर्र आवाज झाला. मी मगरीच्या पाठीला हात लावला होता. चाळीस वर्षं जिच्या भीतीने मी नदीत कमरेच्या पुढे गेले नाही, तिच्या पाठीला.

पुढचं लिहायला जड जातं, पण वगळणं बरोबर नाही. पाठीत एक पोकळी ठेवलेली असते. तिथे कोंबडीचं जिवंत पिल्लू ठेवतात आणि वरून चिखलाचं झाकण देतात. तो मानग्याचा घास. पिल्लू पिवळं होतं, म्हाताऱ्याच्या तळव्यात मावलेलं. झाकण घालताना कुणी हसलं-बोललं नाही. पोरंसुद्धा गप्प होती. क्षणभर आतून चिवचिव ऐकू आली, मग नाही.

मी आत्यांना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, “तें ताचें जेवण. आमी दिलें ना जाल्यार तें आपूण येवन व्हरता.” आम्ही दिलं नाही तर ते स्वतः येऊन नेतं. बाजूला उभा असलेला एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, पुढल्या वर्षी अंडं ठेवूया. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. मला त्या मुलाचं म्हणणं पटलं. तरी जी माणसं खाडीत उतरून खेकडे धरतात, ज्यांची गुरं खाजनात चरतात, त्यांचं हे देणं काय आहे हेही मला समजत होतं. आमच्या गावात काठावरून दगड मारतात, फटाके उडवतात, वनखात्याला फोन करतात. देत कुणी काही नाही.

हळद-कुंकू झालं, फुलं वाहिली, कुरमुरे-गूळ ठेवला, उदबत्त्या चिखलात खोवल्या. म्हाताऱ्याने गाऱ्हाणं घातलं, कोकणीत, न थांबता, एका श्वासात. सगळं कळलं नाही. बांध, पाणी, भुरगीं, गोरवां, एवढे शब्द कळले. मुलं आणि गुरं. राखण कर.

तेव्हाच दुपारची भरती पुरती चढली होती. अमावास्येचं उधाण. बांधाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जवळजवळ माथ्याला भिडलेलं आणि आतल्या अंगाला, त्या पाण्याच्या पातळीच्या खाली, कोरडं शेत. मधे चार हात रुंद माती. मी त्या मातीवर उभी राहून दोन्हीकडे पाहिलं आणि मला पोटात गोळा आल्यासारखं झालं. एक खेकड्याचं बीळ मोठं होत गेलं तर हा बांध फुटतो, खारं पाणी आत शिरतं आणि जमीन पुढली दोन-तीन वर्षं पिकाला निकामी होते.

मग लक्षात आलं की ज्या चिखलाने मानगें थापलं त्याच चिखलाने बांध लिंपतात. तेच गवत मिसळून, त्याच हातांनी, तसंच धप धप करून. परंपरेचा अर्थ मला कुणी असा सांगितला नाही, हे माझं वाटणं आहे : ही माणसं बांधालाच दरवर्षी एकदा डोळे, दात आणि शेपूट देतात. पाण्यापासून राखणारी वस्तू आणि पाण्यातून येणारं भय त्यांनी एकाच मातीत मळलं आहे.

जेवायला आत्यांकडे उकड्या तांदळाचा भात, वाल, सोलकढी. दुपारी फेरीबोटीने उगीचच रासयला जाऊन आलो. संध्याकाळी पुन्हा बांधावर गेले. मानगें उन्हाने वरून करडं झालं होतं, काल पाहिलेल्या खऱ्या मगरीच्या पाठीवरच्या गाळासारख्या भेगा त्याला पडू लागल्या होत्या. एक कुत्रं लांबून हुंगत होतं, जवळ जात नव्हतं.

चौथा दिवस : नेत्रावळी, आणि परत

आज दादाने गाडी काढली ती सांगे तालुक्यात नेत्रावळीला. गोपीनाथाच्या देवळाशी बुडबुड्यांची तळी आहे, पायऱ्यांची, हिरवट पाण्याची. तळातून सतत बुडबुडे येतात, कधी एकटे, कधी माळेसारखे. टाळी वाजवली की जास्त येतात म्हणतात. आम्हीही वाजवली. आले. टाळीमुळे की तसेच, ते मी ठरवू शकले नाही. जमिनीतून वायू निघतो हे खरं, पण पायरीवर बसून पाहताना खाली कुणीतरी श्वास घेतंय असंच वाटतं, आणि देवळाच्या सावलीत ते वाटणं भीतीचं नसतं.

वाटेत दादाने केरळातल्या कासरगोडजवळच्या अनंतपुरमची गोष्ट काढली. तिथल्या तळ्यातल्या देवळात बबिया नावाची मगर होती, देवाचा प्रसाद खाणारी. १९४५ मध्ये एका इंग्रज शिपायाने तिथल्या मगरीला गोळी घातली आणि थोड्याच दिवसांत दुसरी मगर तळ्यात आली, असं तिथले लोक सांगतात. ती बबिया २०२२ च्या ऑक्टोबरात गेली. शेकडो माणसं तिच्या अंत्यदर्शनाला आली. वर्षभराने, २०२३ मध्ये, तळ्यात आणखी एक मगर दिसली. दादा गाडी चालवता चालवता म्हणाला, “एक गेलं की दुसरं येतं बघ. जागा रिकामी राहत नाही.” मला वाटतं नेस सरोवराच्या काठावरल्या माणसांना हे वाक्य आवडलं असतं.

रात्रीची गाडी पणजीहून. निघताना मावशीने कोरगुटच्या उकड्या तांदळाची पिशवी दिली, आईसाठी.

पाचवा दिवस : भिलवडी

पहाटे उतरले. आईने आधी तांदूळ बघितले, दाताखाली एक दाणा चावला, मग मला. दुपारी आम्ही दोघी औदुंबरला गेलो. दत्ताचं दर्शन घेऊन घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. आई आता पंच्याहत्तरीची आहे. पलीकडच्या काठावर वाळू उपसून उपसून दरड उभी तुटलेली दिसते. मगर काठाच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते, पंचवीस-तीस, आणि पिल्लं फुटायच्या वेळी खड्डा उकरून त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. त्या दरडीत आता खड्डा कुठे करायचा? हे मी आईला सांगितलं. तिला जबड्याचं नवीन होतं. “पिल्लांना? तोंडात धरून?” तिने दोनदा विचारलं.

मग मी सगळं सांगितलं, चिखल, शिंपले, गाऱ्हाणं. ती मधेच म्हणाली, तिची आजी नदीला ओटी भरायची तेव्हा एक खण कृष्णामाईचा आणि एक नारळ ‘तिच्या वाहनाचा’ म्हणून वेगळा सोडायची. गंगेचं वाहन मगर, म्हणून कृष्णेचंही तेच. आजी गेली आणि ते बंद झालं. इतक्या वर्षांत आई हे कधी बोलली नव्हती, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

“कुठे सोडायची नारळ?”

तिने हात लांब करून खालच्या वळणाकडे दाखवलं, जिथे आता पाणी ओढायच्या मोटारींचे पाईप उतरले आहेत. पाण्यात एक ओंडका होता. आम्ही दोघींनी तो एकदमच पाहिला. बराच वेळ पाहिला. तो वाहत नव्हता.

“आणि त्या कोंबडीच्या पिल्लाचं काय झालं?” आईने विचारलं, ओंडक्यावरची नजर न काढता.

मी सांगितलं.